शिवराईवरील दुहेरी अक्षरे : टाकसाळीतील दोष की नंतरची इजा?

नाणे हे इतिहासाचे अस्सल साधन मानले जाते. परंतु टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतर नाण्यावर जे घडले, तेही टाकसाळीच्या पदरी घातले तर हेच साधन अभ्यासकाची दिशाभूल करते. शिवराईवर दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत हा धोका विशेष संभवतो.

संग्राहकांमध्ये रूढ असलेली 'दुहेरी ठसा' ही संज्ञा मुळात यंत्रयुगातील आहे. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टाकसाळीतील १९५५ चे लिंकन छापाचे एक सेंटचे नाणे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे मातृठसा पोलादी ठशावर एकाहून अधिक वेळा दाबून आकृती उमटवीत. दोन दाबांच्या दरम्यान जुळणी किंचित चुकली आणि वर्षाचे आकडे व अक्षरे ठशावरच दुहेरी कोरली गेली. साहजिकच त्या ठशाच्या हजारो नाण्यांवर एकसारखेच द्वित्व आले. त्यामुळे तेथील कसोटी सोपी आहे : तेच द्वित्व दुसऱ्या नाण्यावर आढळले तर दोष टाकसाळीचा; न आढळल्यास संशयाला जागा.

शिवराईला ही कसोटी जशीच्या तशी लावणे चुकीचे ठरते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडले जाणारे आणि पुढे पेशवाईतही चालू राहिलेले हे तांब्याचे नाणे हातोड्याने पाडले जाई. ठसे हाताने कोरलेले असत, मातृठसा नव्हता. पहिल्या घावानंतर वरचा ठसा वा चकती सरकली आणि दुसरा घाव बसला, की 'श्री राजा शिव' किंवा 'छत्रपति' ही अक्षरे दोनदा उमटत. असे प्रत्येक नाणे एकमेव असते. म्हणजे एकमेवपणा हा येथे इजेचा पुरावा होऊ शकत नाही.

अशा वेळी धातूच काय सांगतो ते पाहावे. दुसऱ्या घावाखाली पहिली अक्षरे चपटी होतात, तरीही दोन्ही उठाव अक्षरांच्याच वळणाचे राहतात. नांगराचा फाळ किंवा दगड लागल्यास धातू एका बाजूस रेटला जाऊन खाच पडते व तिच्या कडेला वरंबा उभा राहतो. ताज्या खाचेत तांबे उजळ दिसते. जुन्या खाचेवर मात्र हिरवे पुट चढलेले असते, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. दुदांडी शिवराईवरील दोन समांतर रेघा तर मूळ आकृतीचाच भाग आहेत; त्यांना द्वित्व समजणे हा निव्वळ अनभ्यास होय.

रुप्याच्या रुपयांवर सराफांनी पारखण्यासाठी मारलेल्या खुणाही नंतरचीच इजा. पण ती नाण्याच्या प्रवासाची साक्ष देते, आणि म्हणून इतिहासकाराला मौल्यवान वाटावी. चिंचेने घासून लखलखीत केलेल्या शिवराईबाबत मात्र निर्णय देणे बहुधा कठीण होते, कारण खाच आणि उठाव यांच्या कडाच त्यात झिजून जातात.