मोबाइलचे इंटरनेट कॉम्प्युटरला कसे जोडावे? आणि डेटा लगेच का संपतो?

लाइट गेली की घरातला वाय-फाय राउटर बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू असतो आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचा नेमका तोच शेवटचा दिवस असतो. अशा वेळी हातातला फोनच राउटरचे काम करू शकतो. फोनचे इंटरनेट दुसऱ्या उपकरणाला वापरू देण्याच्या या सोयीला ‘टेदरिंग’ म्हणतात. इंग्रजीत टेदर म्हणजे जनावराला खुंट्याशी बांधायचे दावे. इथे कॉम्प्युटर फोनला बांधला जातो.

फोन जोडणे दोन मिनिटांचे काम आहे. अडचण त्यानंतर येते. अर्ज अर्धवट असतानाच ‘आजचा डेटा संपला’ असा मेसेज येतो. असे का होते, ते पाहण्याआधी जोडणीचे तीन मार्ग समजून घेऊ.

१. वाय-फाय हॉटस्पॉट

सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’ या भागात जाऊन हॉटस्पॉट सुरू करावा. कंपनीनुसार या भागाचे नाव थोडे वेगळे असू शकते. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘हॉटस्पॉट’ टाइप केले की तो सापडतो. आयफोनमध्ये ‘पर्सनल हॉटस्पॉट’मध्ये जाऊन ‘अलाऊ अदर्स टू जॉइन’ सुरू करावे. मग कॉम्प्युटरच्या वाय-फाय यादीत फोनचे नाव दिसते. ते निवडून पासवर्ड टाकला की काम झाले. एकाच वेळी अनेक उपकरणे जोडता येतात. मात्र फोन तापतो आणि त्याची बॅटरी भराभर उतरते.

२. यूएसबी टेदरिंग

फोन चार्जिंगच्याच केबलने कॉम्प्युटरला जोडावा आणि त्याच सेटिंग्जमधले ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. केबल जोडल्याशिवाय हा पर्याय सुरू होत नाही. जोडणी स्थिर राहते, पासवर्ड लागत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून डेटा जात नाही. म्हणून पर्याय सुरूच होत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी.

ज्या जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फायच नाही, त्याला हा मार्ग उपयोगी पडतो. अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर यूएसबीमार्गे ते वाय-फायही डेस्कटॉपला मिळते आणि मोबाइल डेटा खर्च होत नाही. मॅकवर मात्र अनेक अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडले जात नाहीत. तिथे वाय-फाय हॉटस्पॉट वापरावा. आयफोन विंडोजला केबलने जोडायचा असेल तर कॉम्प्युटरमध्ये ॲपलचे आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस हे ॲप असावे लागते.

३. ब्लूटूथ टेदरिंग

बॅटरी कमी खाते, पण वेगही कमीच असतो. ईमेल पाहणे किंवा साधा फॉर्म भरणे एवढ्यापुरते ठीक. व्हिडिओ कॉलसाठी उपयोग नाही.

डेटा इतक्या लवकर का संपतो?

फोनला माहीत असते की मोबाइल डेटा मोजूनमापून मिळतो. म्हणून तो मोठे अपडेट सहसा वाय-फाय मिळेपर्यंत थांबवून ठेवतो. कॉम्प्युटरला हॉटस्पॉट हेही एक वाय-फायच वाटते. त्यामुळे जोडणी होताच विंडोजचे अपडेट, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमधल्या फाइलींची ने-आण, ॲपची नवी आवृत्ती अशी कामे पडद्यामागे सुरू होतात. समोर फक्त अर्जाचे पान उघडे असते, पण मागे शेकडो एमबी खर्च होत असतात. त्यात व्हिडिओही मोठ्या स्क्रीनमुळे जास्त स्पष्ट, म्हणजे जास्त डेटाचा लागतो. नेटफ्लिक्सवर एचडी व्हिडिओला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो.

अनेक प्रीपेड पॅकमध्ये रोज १.५ किंवा २ जीबी डेटा मिळतो. तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने १ एमबीचा फोटो अपलोड व्हायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात वेबसाइटचे सेशन संपू शकते.

उपाय: ‘मीटर्ड कनेक्शन’

हॉटस्पॉटचा डेटा मोजका आहे हे कॉम्प्युटरला सांगण्याची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि तिथे जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात. ‘मीटर्ड कनेक्शन’ ऑन केले की बहुतेक अपडेट थांबतात आणि वनड्राइव्हही आपली ने-आण थांबवते. यूएसबीने जोडले असेल तर हीच सेटिंग वाय-फायऐवजी ‘इथरनेट’मध्ये मिळते. अलीकडच्या मॅकमध्ये अशाच कामासाठी ‘लो डेटा मोड’ आहे.

ही सेटिंग त्या एका नेटवर्कपुरतीच असते. घरच्या वाय-फायवर अपडेट नेहमीप्रमाणे होत राहतात. म्हणून अडचणीच्या दिवसाची वाट न पाहता ती आजच एकदा करून ठेवावी. गूगल ड्राइव्हसारखी ॲप मात्र गरजेच्या वेळी हाताने ‘पॉज’ करावीत.

पासवर्ड हवाच

हॉटस्पॉट कधीही पासवर्डशिवाय उघडा ठेवू नये. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे. मोबाइल नंबर किंवा १२३४५६७८ असा पासवर्ड ठेवू नये. कोणी अनोळखी व्यक्ती जोडली गेली तर प्रश्न फक्त डेटाचा नसतो. हॉटस्पॉटवरून जे काही केले जाते, ते बाहेर त्या फोनच्याच जोडणीवरून झालेले दिसते आणि सिम मालकाच्या नावावर असते. रेल्वेत किंवा कॅफेत कोणाला पासवर्ड दिला असेल तर नंतर तो बदलावा.

हॉटस्पॉट दिसतच नसेल तर?

जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय पकडता येत नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ करावा. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ सुरू करावे. वेग थोडा कमी होतो, पण रेंज वाढते. जोडणी झाली तरी इंटरनेट येत नसेल तर फोनचा मोबाइल डेटा सुरू आहे ना, हे आधी पाहावे. वेग कमी असेल तर फोन खिडकीजवळ ठेवावा, कारण टॉवरचा सिग्नल लॅपटॉपला नाही, फोनला मिळायला हवा.

आणि काम झाले की हॉटस्पॉट बंद करायला विसरू नये.