कुरैनच्या खाणीत काय पुरलंय?

कुवेतमध्ये राहत असाल, तर अल-कुरैन हे नाव कानावर आलं असेल. १९७०च्या दशकात तेलाच्या पैशावर शहर वाढत होतं. बांधकामासाठी वाळू-खडी उपसली गेली आणि रिकाम्या खाणींत कचरा ओतला गेला. कुरैनची खाणही अशीच १९८५च्या सुमारापर्यंत भरत गेली. पुढे शेजारी वस्ती झाली आणि जमिनीतून येणाऱ्या वायूने लोक हैराण झाले. तळाला अस्तर नव्हतंच. खाली नुसती वाळू.

मग चिकणमातीचं अस्तर घातलं की झालं? तेवढं सोपं नाही. आपली काळी माती आठवा: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अस्तरातलं बेंटोनाइट तिच्याच कुळातलं. स्वच्छ पाण्यात ते फुगून छिद्रं बुजवतं. पण कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, कॅल्शियमसारखे क्षार असतात. ते मातीतल्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतात. मग माती पुरेशी फुगत नाही आणि वाट मोकळी होते.

म्हणून नवीन कचराभूमीबद्दल ऐकाल, तेव्हा एवढंच विचारा: अस्तराची चाचणी नळाच्या पाण्यावर घेतली, की लीचेटवर?