कोरडवाहू चाऱ्याला कंपोस्टचा आधार

दुष्काळ पडला, की पाण्याच्या टँकरपाठोपाठ चारा छावण्या सुरू कराव्या लागतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाने हा अनुभव घेतला. अपुरा पाऊस हे त्याचे उघड कारण. जमिनीची घटलेली जलधारणशक्ती हे दुसरे कारण मात्र फारसे चर्चिले जात नाही.

कोरडवाहू शेतातील कडबा जनावरे खातात, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात आणि जमिनीला परत काहीच मिळत नाही. सेंद्रिय द्रव्य आटलेल्या हलक्या, मुरमाड जमिनीत पावसाचे पाणी टिकत नाही. चांगले कुजलेले खत मातीचे कण बांधून ठेवते व ओल धरते. पावसात खंड पडला तरी कडवळ, मका, बाजरी ही चारा पिके त्यामुळे अधिक काळ तग धरतात.

शेण कमी असलेल्या ठिकाणी पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ पद्धत उपयुक्त ठरते. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा, भिंतींना हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो चाळलेली माती आणि १,५०० ते २,००० लिटर पाणी थरांनी भरतात. तीन ते चार महिन्यांत साधारण तीन टन खत मिळते. हेक्टरी दहा टन धरल्यास ते पाऊण एकराला पुरते. पाणी लागत असल्याने टाके उन्हाळ्यात नव्हे, तर पावसाळ्याच्या अखेरीस भरावे. तणेही फुलोऱ्यापूर्वीच कापून वापरावीत.

अर्धवट कुजलेले खत टाळावे. त्यातून हुमणी व तणांचे बी शेतात येते, शिवाय ते कुजताना पिकाचे नत्र ओढून घेते. रासायनिक नत्राचा अतिरेकही घातक ठरतो. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य वाढून जनावरांना ‘किराळ’ लागते. कंपोस्टमधील नत्र सावकाश सुटते. तरीही कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापणे श्रेयस्कर.

शहरांतील ओला कचरा हाही या खताचा मोठा स्रोत आहे. मात्र, त्यात बॅटरी, रंगाचे डबे वा काच मिसळली, तर शिशासारखे जड धातू मातीतून चाऱ्यात आणि तेथून दुधात उतरू शकतात. म्हणूनच खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टमधील शिशाची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम ठरवली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण बंधनकारक केले. स्वयंपाकघरातील दोन वेगळ्या डब्यांचा संबंध असा थेट दुष्काळी गोठ्याशी आणि आपल्या दुधाच्या पेल्याशी पोहोचतो.