रोशा गवत व गवती चहा : खानदेशातील इतिहास

रोशा गवत : (रोहिष गवत, हिं. रूसा, सं. रोहिष, कत्तृण, लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल–ग्रॅमिनी). सातपुडा, सह्याद्रीच्या पूर्वेकडील फाटे व तापी खोऱ्यातील उघड्या डोंगरउतारांवर आपोआप उगवणारे हे सुगंधी, बहुवर्षायू गवत आहे. ते सु. १·५ ते ३ मी. उंच वाढते. पावसाळा संपताना त्याला फुलोरा येतो आणि पाने चुरगळली असता गुलाबासारखा वास येतो. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या खानदेशाच्या, आर्थिक इतिहासात या रानगवताला एकेकाळी महत्त्वाचे स्थान होते. घरोघरी परिचित असलेला गवती चहा (सिं. सिट्रेटस) ही त्याच प्रजातीतील जाती होय. दोहोंचा वास व उपयोग भिन्न असूनही नावांच्या सारखेपणामुळे त्यांची वारंवार गल्लत होते.

प्राचीन उपयोग : आयुर्वेदीय निघंटूंत कत्तृण, रोहिष, सौगंधिक, भूतृण, ध्यामक इ. नावांनी सुगंधी तृणांचा निर्देश येतो. कफ, खोकला, ज्वर व उदरशूळ यांवर त्यांचा काढा सांगितलेला आहे. यांतील कोणते नाव नेमक्या कोणत्या जातीचे, याविषयी टीकाकारांत एकमत नाही. तथापि गवताची पाने पाण्यात उकळून तो अर्क गरम असताना पिण्याची प्रथा चहाच्या आगमनापूर्वीची आहे, हे यावरून स्पष्ट होते. रोशाचे तेल संधिवातावर बाहेरून चोळण्यासाठीही वापरीत.

शास्त्रीय नामकरण : या गवताच्या शास्त्रीय नावात क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचे नाव आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना त्याने बालाघाटच्या पठारावर या गवताचे बी गोळा केले व ते लखनौला नेऊन पेरले. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यावरून जातीला मार्टिनचे नाव दिले. गुरे हे गवत आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा उग्र वास येतो, असे रॉक्सबर्ग याने नमूद केले आहे. १९०६ मध्ये ऑटो स्टाफ याने भारत व श्रीलंका येथील तेलगवतांचे विस्तृत वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यामुळे रोशा, गवती चहा व सिट्रोनेला यांतील भेद निश्चित होण्यास मदत झाली.

खानदेशातील तेलधंदा : मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटिअरमध्ये (१८८०) या धंद्याचे तपशीलवार वर्णन आढळते. त्याचे मूळ केंद्र पिंपळनेर (ता. साक्री) हे होते. तेथील गवत विरळ झाल्यावर धंदा नंदुरबार, शहादा व तळोदे यांकडे सरकला. अक्राणीच्या डोंगरांत गवत विशेष चांगले येई. ते कापून आणणारे भिल्ल असत, तर ते विकत घेऊन तेल काढणारे कारागीर मुसलमान होते. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरच्या सुमारास, जेथे लाकूड व वाहते पाणी मुबलक असेल अशा ओढ्यांच्या काठी भट्ट्या मांडीत.

भट्टीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा ठेवून त्यात थोडे पाणी व वर काठोकाठ चिरलेले गवत भरीत. झाकण कणकेने पक्के बसवीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून, उडदाच्या पिठाने लिंपून व दोरीने आवळून दुसऱ्या हंड्यात सोडीत. हा दुसरा हंडा गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडविलेला असे. त्यात वाफ थिजून पाणी व तेल यांचे मिश्रण साठे. ते तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळले, की तेल पृष्ठभागावर येई व अलगद काढून घेता येई. उरलेले सुगंधी पाणी पुन्हा नव्या गवतावर वापरीत.

१८७९-८० मध्ये खानदेशात १९७ भट्ट्या चालू होत्या. पैकी शंभरांहून अधिक एकट्या नंदुरबार भागात होत्या. त्यांचे उत्पादन ७१ हंड्रेडवेट, म्हणजे सु. ३,६०० किग्रॅ. होते. दर भट्टीमागे हे प्रमाण सरासरी १८ किग्रॅ. पडते. ताज्या गवतापासून सामान्यतः त्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास तेल मिळते. त्या हिशेबाने एका हंगामात किमान ७०० टन गवत व ते शिजविण्यासाठी लागणारे जळण एवढ्याच मुलखातून काढले जात असले पाहिजे. गवत फुलोऱ्यात असताना, बी झडण्यापूर्वीच कापले जात असल्याने पिंपळनेरच्या आसपास ते का विरळ झाले, याचा उलगडा यावरून होऊ शकतो.

व्यापार व भेसळ : तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारी व नवापूर घाटांमार्गे सुरतेला आणि धुळे–मनमाड मार्गे मुंबईला जाई. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे ते ‘इद्रिस यागी’ या नावाने विकले जाई व ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून यूरोपला माहीत होते. त्याचा मुख्य उपयोग गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याकडे होई. त्यासाठी ते आधी उन्हात ठेवून फिकट करीत. अशा रीतीने खानदेशातील डोंगरावरचे गवत बल्गेरियातील गुलाबाच्या नावाने विकले जात होते. उलट, मूळ रोशा तेलातही टर्पेंटाइन, रॉकेल वा गोडे तेल मिसळले जाई. त्यामुळे मालाची पत घसरे.

खानदेशातील कारागीर निळसर-पांढऱ्या कोवळ्या फुलोऱ्याच्या गवताला ‘मोतिया’ व पिकून तांबूस झालेल्या गवताला ‘सोफिया’ म्हणत. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे एकाच जातीचे दोन स्वतंत्र प्रकार मानले. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल सु. ७५ ते ९० टक्के असते व तेच ‘पामारोझा’ तेल होय. सोफियाचे तेल हलक्या प्रतीचे असून ‘जिंजरग्रास’ नावाने ओळखले जाते.

१८७८ च्या भारतीय वन अधिनियमानंतर राखीव जंगलांतील गवतकापणीवर सरकारी नियंत्रण आले. विसाव्या शतकात इतर देशांतील लागवड, सिट्रोनेला तेलापासून मिळविलेले जिरॅनिऑल व पुढे संश्लेषित सुगंधी द्रव्ये यांमुळे रानगवतावर अवलंबून असलेल्या भट्ट्यांना स्पर्धा निर्माण झाली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (स्थापना १९५९) मोतियाचे सुधारित वाण तयार केल्यावर रोशा हे रानातील उत्पन्न न राहता शेतातील पीक बनू लागले.

गवती चहा : पेय म्हणून मात्र रोशाऐवजी गवती चहाच रूढ झाला. त्याला फुले क्वचितच येतात. म्हणून तो बियांनी न पसरता ठोंब लावून वाढवावा लागतो. महाराष्ट्रात तो परसात, मोरीच्या पाण्यावर लावण्याची पद्धत आहे. त्याच्या तेलात सिट्रल सु. ७० ते ८० टक्के असते व त्यामुळे लिंबासारखा वास येतो. ‘गवती चहा’ हे नाव अर्थातच चहा परिचित झाल्यानंतरचे आहे. १९०३ च्या चहा उपकर कायद्यातून उभारलेल्या निधीने देशभर चहाचा प्रचार झाला आणि काही दशकांत चहा सामान्यांच्या घरी पोहोचला. जुन्या काढ्यातील गवताची पात व आले या नव्या पेयात आले, तर दुधाशिवाय केलेल्या उकाळ्यालाही ‘चहा’ हेच नाव मिळाले.

नुसत्या पातीच्या उकाळ्यात कॅफीन नसते. सर्दी-पडशात गरम, सुवासिक पेयाने आराम वाटतो व घाम येतो, एवढे अनुभवसिद्ध आहे. परंतु मधुमेह, रक्तदाब वा कर्करोग यांवरील गुणाचे दावे माणसांवरील पुरेशा चाचण्यांनी सिद्ध झालेले नाहीत. पातीचा उकाळा व ऊर्ध्वपातित तेल यांतही भेद करणे आवश्यक आहे. तेल अतिशय संहत असल्याने ते पोटात घेणे सुरक्षित मानता येत नाही. ज्या गवताने दूरच्या बाजारपेठांत दुसऱ्याचे नाव धारण केले, त्याच्या बाबतीत नाव, जाती व प्रकार यांची नेमकी ओळख ही व्यापाराप्रमाणेच आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.