दिवाणखान्यातील परीक्षा

सन १८७४. केंब्रिजच्या बेटमन स्ट्रीटवरील डॉ. केनेडी यांच्या दिवाणखान्यात दोन तरुणी उत्तरपत्रिका लिहीत बसल्या होत्या. एक मेरी पेली, दुसरी एमी बुली. विषय होता नीतिशास्त्रे. तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र यांच्या पंक्तीला तेव्हा अर्थशास्त्रही बसत असे. विद्यापीठाच्या नियमांत स्त्रियांच्या परीक्षेला स्थानच नव्हते. काही सज्जनांनी सेनेट हाऊसमधून प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि लगबगीने या घरी पोहोचवाव्यात, अशी ती व्यवस्था! त्या सज्जनांत सिज्विक, व्हेन यांच्यासारखे विद्वान होते आणि आल्फ्रेड मार्शलही होते. मेरीला दोन परीक्षकांनी पहिला वर्ग दिला, दोघांनी दुसरा. पदवीचा प्रश्नच उद्भवला नाही.

मेरीचा जन्म १८५० चा. वडील खेड्यातील धर्मोपदेशक, मोठे कडवे. मुली बाहुल्यांना मूर्तीप्रमाणे पुजू लागल्या आहेत असे वाटताच त्यांनी त्या बाहुल्या जाळून टाकल्या. परंतु याच पित्याने १८७१ मध्ये लेकीला केंब्रिजला धाडले, हेही विसरता कामा नये. मिस क्लफ यांच्या देखरेखीखाली राहिलेल्या पहिल्या पाच विद्यार्थिनींत ती होती. पुढे त्यांतूनच न्यूनहॅम कॉलेज उभे राहिले आणि मेरी तेथे अर्थशास्त्र शिकवू लागली.

१८७७ मध्ये तिचा मार्शल यांच्याशी विवाह झाला. वधूने पतीच्या आज्ञेत राहण्याचे वचन द्यावयाचे असते. ते कलम उभयतांनी संमतीने गाळले. विवाहामुळे मार्शल यांना फेलोशिप सोडावी लागली आणि दोघे ब्रिस्टलला गेली. तेथे मेरीबाईही शिकवीत. मात्र त्यांचे मानधन पतीच्या वेतनातून कापले जाई! १८७९ मध्ये 'उद्योगाचे अर्थशास्त्र' हे पुस्तक दोघांच्या नावाने निघाले. ते लिहिण्याची विनंती मुळात मेरीबाईंनाच झाली होती. पुढे मार्शल यांना ते नकोसे झाले आणि १८९२ मध्ये त्यांनी त्याच्या जागी एकट्याच्या नावाचे दुसरे पुस्तक आणले. पुढच्या पिढीतील केन्स यांना मात्र ते जुने पुस्तक फार चांगले वाटे.

याहून खेदाची गोष्ट निराळीच. ज्या मार्शल यांनी प्रश्नपत्रिका पोहोचविण्यासाठी पायपीट केली, त्यांनीच १८९६ मध्ये स्त्रियांना पदवी देण्याविरुद्ध पत्रक काढले. १८९७ मध्ये तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. त्या काळात मेरीबाई न्यूनहॅममध्ये मुलींना अर्थशास्त्र शिकवीतच होत्या. हे अध्यापन १९०८ पर्यंत चालले. घरी एकाच मेजाशी बसून या दोघांनी या विषयावर काय बोलणे केले असेल, याची कल्पनाच करावी.

१९२४ मध्ये मार्शल वारले. त्यांचा ग्रंथसंग्रह विद्यापीठाला मिळाला आणि मेरीबाई त्याच्या विनावेतन ग्रंथपाल झाल्या. पंच्याऐंशी उलटल्यावरही त्या सायकलवरून ग्रंथालयात येत. ब्रिस्टल विद्यापीठाने १९२८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा केन्स यांनी त्यांच्यावर दीर्घ मृत्युलेख लिहिला. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास १९४८ मध्ये प्रारंभ केला.