पुण्याचा मुलगा आणि लंडनची शाळा

आमच्या लेकीने यंदा लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेचा अर्ज भरायला घेतला. शिक्षण म्हणाल तर मंडळाच्या गणेशोत्सवातली चार नाटुकली! "अगं, तुला कोण घेणार?" "बाबा, तिथे आधीचं प्रशिक्षण मागतच नाहीत. ऑडिशन बघतात."

मग मी जरा इतिहास चाळला. 1904 साली बीअरबोम ट्री या नटाने ही शाळा स्वतःच्या थिएटरात काढली. पुढे तिथे शिकून गेलेला एकजण चक्क आपल्या पुण्यात जन्मलेला, इब्राहिम अल्काझी (1925-2020). वडील अरब व्यापारी. 'राडा'त येण्याआधी त्यांची शाळा म्हणजे मुंबईतला सुलतान पदमसींचा हौशी थिएटर ग्रुप! हेच अल्काझी 1962 ते 1977 दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पुण्याच्याच रोहिणी हट्टंगडी हे सगळे त्यांच्या हाताखाली शिकले.

त्या विद्यालयाचा अर्ज मीही एकदा आणला होता, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी. पुरुषोत्तम करंडकात केलेलं काम, एवढंच भांडवल. 'आपण कुठे शिकलोय अभिनय' म्हणून तो पाठवलाच नाही. परदेशी मास्टर्सचा अर्ज मात्र वेळेत गेला.

लेकीला एक शेक्सपिअरचं स्वगत आणि एक आजच्या नाटकातलं तयार करायचंय. रोज जेवणं झाली की मी पुस्तकात बोट ठेवून समोर बसतो. काल दोनदा अडखळली. पुन्हा पहिल्यापासून.