चिंची चेटकीण आणि जांभळाचं झाड

2018 च्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन कल्याणला 'अलबत्या गलबत्या' बघायला गेले होते. त्या वर्षी हे नाटक नव्याने रंगमंचावर आलं होतं आणि वैभव मांगले चिंची चेटकीण झाले होते. चेटकीण आली आणि आमच्या बाईसाहेबांनी थेट माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. मग एक डोळा बाहेर. मग दोन्ही. मध्यंतरात वडा खाता खाता मला म्हणते, "आत्या, चेटकीण परत कधी येणार?"

येताना बदलापूर लोकलला उभ्याने प्रवास. उल्हासनगर गेलं तशी तिने विचारलं, "आत्या, खऱ्या चेटकिणी असतात का गं?"

"नाही गं, गोष्टीत असतात फक्त."

अंबरनाथ आलं, आम्ही उतरलो, विषय संपला. तिच्यापुरता. माझ्या मात्र डोक्यात तो राहिला, कारण मी दिलेलं उत्तर अर्धंच खरं होतं. तेव्हापासून अधूनमधून या चेटकिणीच्या मागावर आहे. त्यातलं काही आज लिहून टाकते.

मराठी रंगभूमीवर चेटकीण दिमाखात आली ती 1959 साली. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि पहिलं नाटक केलं 'मधुमंजिरी'. लेखक रत्नाकर मतकरी, वय जेमतेम एकवीस. त्यातली चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली. तोवर मुलांचं नाटक म्हणजे बहुतेक शाळेचं गॅदरिंग. मिशा काढलेले शिवाजी महाराज आणि मागे हलणारा पडदा. मुलांसाठी मोठ्या माणसांनी पूर्ण गांभीर्याने, प्रकाशयोजना आणि नेपथ्यासकट नाटक करायचं ही कल्पनाच नवी होती.

पुढे 1962 मध्ये मतकरींनी प्रतिभाताईंबरोबर स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'त सत्तरच्या दशकात चेटकीण झाले दिलीप प्रभावळकर. होय, आपले चिमणराव! आपल्याकडे चेटकीण पुरुषाने करायची पद्धत तिथूनच रुजली असावी. पुढे मांगले आले आणि 2018 मध्ये तर एकाच दिवशी पाच प्रयोग करण्याचा विक्रम झाला. पाच वेळा तो मेकअप सांभाळायचा म्हणजे खायचं काम नाही.

चेटकीण पुरुषाने केली की काय होतं? मला वाटतं, भीतीला एक फट राहते. बाईचा घोगरा आवाज, साडीखालचे दांडगे पाय.. मुलाला कुठेतरी कळत असतं की हे सोंग आहे. त्या फटीतूनच हसू येतं. भाचीचा ओढणीतून बाहेर आलेला एक डोळा त्या फटीतूनच बघत होता.

परदेशातही चेटकिणीचा प्रवास असाच गमतीचा आहे. ग्रिम बंधूंनी 1812 साली गोष्टी छापल्या, तेव्हाची हॅन्सेल-ग्रेटेलची चेटकीण सरळ मुलं खाणारी. तिची शेवटी भट्टीत रवानगी होते. 1900 साली एल. फ्रँक बॉम यांनी 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' लिहिलं आणि त्यात एक भलतीच गोष्ट केली. दुष्ट चेटकिणींबरोबर चांगल्या चेटकिणीही आणल्या. त्यांच्या सासूबाई माटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या. 1893 साली त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि युरोपात चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांबद्दल त्यात सडकून लिहिलं. सासूबाईंचा जावयावर परिणाम झाला असं अभ्यासक म्हणतात. (जावई मंडळींनी नोंद घ्यावी. ह.घ्या.)

बॉमच्या पुस्तकातली पश्चिमेची दुष्ट चेटकीण एकाच डोळ्याची आहे. ती हिरवी झाली 1939 च्या सिनेमात. ते काम केलं मार्गारेट हॅमिल्टन यांनी. या बाई आधी बालवाडीच्या शिक्षिका होत्या! ज्वाळेतून अदृश्य होण्याच्या प्रसंगात त्यांचा चेहरा आणि हात खरोखरच भाजला. सोंगातली आगही कधी कधी खरी होते. मग 1995 मध्ये ग्रेगरी मॅग्वायर यांनी 'विकेड' लिहून विचारलं, की या हिरव्या मुलीला दुष्ट ठरवलं कुणी? त्यावर 2003 मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका झाली, 2024 मध्ये सिनेमाही आला. म्हणजे शतकभराने कुणीतरी चेटकिणीची बाजू ऐकून घेतली.

आता आपल्या गावाकडे.

आम्ही अंबरनाथचे, त्यामुळे शाळेत माझ्या बाकावर उल्हासनगरची एक सिंधी मैत्रीण होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा दिली, त्याचं 1949 मध्ये उल्हासनगर झालं. छावण्या गेल्या, नंबर राहिले. ही चार नंबरची. तिची आजी बाजेवर बसून सिंधीत गोष्टी सांगायची आणि ही मला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत समजावायची. आजीच्या गोष्टीत 'डाइण' असायची. मला फार उशिरा कळलं, की आपली डाकीण, हिंदीतली डायन आणि त्या आजीची डाइण या सख्ख्या बहिणी आहेत. मूळ संस्कृत डाकिनी. घरदार, शेत, गाव सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी डाइण तेवढी बरोबर आणली! चेटकीण हा शब्द मात्र वेगळा. संस्कृत नाटकांत चेटी म्हणजे दासी. चेटूक त्याच कुळातलं असावं, राबवून घ्यायचं भूत, असा आपला माझा तर्क. जाणकारांनी दुरुस्त करावं.

आणि बदलापूर. बदलापूर म्हणजे मामाचं घर, म्हणजे मे महिना, म्हणजे जांभळं. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. तेव्हा आम्हाला असलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की सगळ्यात गोड झाड गावाबाहेरच्या एका म्हातारीच्या वाडीत आहे.

म्हातारी एकटी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पाठीत वाकलेली, हातात काठी. आम्ही झाडावर दगड मारायचो आणि ती ओरडत बाहेर यायची. एका मे महिन्यात मामाने आम्हा सगळ्यांना दादरला शिवाजी मंदिरला बालनाट्य दाखवलं. नाटकाचं नाव आता आठवत नाही, चेटकीण तेवढी आठवते. दुसऱ्या दिवसापासून म्हातारीचं नाव चेटकीण. तिच्या कुंपणाशी उभं राहून आम्ही ओरडायचो आणि पळायचो. मीही. सगळ्यात मोठ्याने मीच बहुतेक.

हे पोरखेळ म्हणून सोडून दिलं असतं. पण एकदा रात्री मोठी माणसं ओटीवर बोलत होती ते कानावर पडलं. कुणाची तरी म्हैस आटली होती, कुणाचं तरी बाळ रडत होतं, आणि बोट तिच्याकडे वळत होतं. "तिची नजर वाईट." मामीने लगेच धाकट्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. (मामी, रागावू नकोस. तेव्हा सगळेच काढायचे.) आणि मग कुणीतरी हळूच म्हणालं, की वाडीवर तिच्या पुतण्यांचा डोळा आहे.

तेव्हा ही दोन वाक्यं मी जोडली नाहीत. आज जोडते. एकटी बाई, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर डोळा असलेली माणसं. सातपुड्यात, नंदुरबारकडे डाकीण ठरवलेल्या बायकांच्या बातम्या वाचल्या, की पुष्कळदा आत कुठेतरी हेच सापडतं. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात यायला 2013 साल उजाडावं लागलं. 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते असं भासवणं, मंत्रतंत्राने जनावरांचं दूध कमी करते असं सांगणं हेसुद्धा गुन्हा म्हणून लिहिलंय. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. ते दुधाचं वाचलं आणि मला ओटीवरची ती म्हैस आठवली. युरोपातल्या बायकांवरही दूध आटवल्याचे आरोप होत, हे नंतर वाचलं. जगभर म्हशी-गायी आटतात आणि जगभर कुठलीतरी म्हातारी सापडते.

मग मुलांच्या नाटकातून चेटकीण काढून टाकावी का? मला नाही तसं वाटत. मतकरींनीच 2014 मध्ये ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्या आयुष्यावर आपणच नाटकं करावीत म्हणून. 17 मे 2020 ला ते गेले. या एकाच माणसाने चिंचीही लिहिली आणि ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांना मंचही दिला, यात मला विरोध दिसत नाही. नाटकातल्या चेटकिणीला नाव असतं, संवाद असतात. शेवटी ती सगळ्यांबरोबर येऊन वाकते आणि मुलं तिलाच जास्त टाळ्या देतात. आमच्या म्हातारीला यातलं काहीच मिळालं नाही. चूक नाटकाची नव्हती. नाटकातला शब्द घेऊन आम्ही तिच्या कुंपणाशी गेलो, ती चूक आमची.

वाडीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. झाड नाही. परवा हे लिहायला घेतल्यावर मामीला फोन केला, म्हटलं त्या आजींचं नाव काय होतं गं? बराच वेळ आठवत राहिली. शेवटी म्हणाली, "अगं त्या.. जांभळीवाल्या."

भाची आता मोठी झालीये. आता विचारलंन तर तिला उरलेलं अर्धं उत्तर देईन. चेटकिणी नसतात, पण चेटकीण ठरवलेल्या बायका असतात, आणि ठरवणाऱ्यांत तुझी आत्याही होती.

असो, फार लांबलं. घरच्यांपैकी कुणाला त्या आजींचं नाव आठवत असेल तर मला नक्की कळवा. इथे लिहून ठेवीन.